मागचं चाक, एकशे चौदा सेकंद

बारा जानेवारी, रविवार, सकाळचे अकरा. रक्कम पाच हजार रुपये, पाचशेच्या दहा नोटा. हजर: मी, माझा धाकटा भाऊ, भावजय, लेथवाले मिस्त्री आणि पैसे देणारे धुळ्याचे गृहस्थ. जागा आमच्या पिंप्राळ्यातल्या घराचं अंगण. त्याच संध्याकाळी हे वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून आज इतकं नेमकं सांगता येतं.

पाच हजार हा इसार होता, भावाच्या शर्यतीच्या मोटारसायकलचा. गाडी दोनशे सीसीची. लाइट, नंबर, आरसे सगळं काढून टाकलेली, त्यामुळे रस्त्यावर चालवायची सोय नाही; फक्त ट्रॅकवर पळते. भावाचा धंदा पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून द्यायचा. वय अडतीस. चोविसाव्या वर्षापासून तो शर्यतीत उतरतो आणि या चौदा वर्षांत हाड फक्त एकदा मोडलं आहे, डाव्या मनगटाचं. धुळ्याबाहेर एका शेतमालकाने माळावर डांबरी ट्रॅक केला आहे, एक फेरी सोळाशे मीटरची. तिथे वर्षातून एकदा तासाभराची शर्यत होते. नियम असा की शर्यतीच्या मध्ये प्रत्येक गाडीचं मागचं चाक एकदा बदललंच पाहिजे. मदतीला तीन माणसं, हत्यारं फक्त हाताची, हवेवर किंवा विजेवर चालणारं काही नाही.

आदल्या वर्षी भाऊ दुसऱ्या नंबरवर असताना चाक बदलायला आत आला आणि सातवा होऊन बाहेर पडला. शेवटी पाचवा आला. मदतीची तीन माणसं म्हणजे मी, मिस्त्री आणि एक शेजारी. मी चाक बसवत होतो. चाकाच्या दोन्ही बाजूंना एक्सलवर एकेक बुश असतो, लोखंडी बांगडीसारखा. त्यातला एक माझ्या हातातून सुटला आणि घरंगळत शेजारच्या तंबूत गेला. मी गुडघ्यांवर रांगत तो शोधला. भाऊ हँडल धरून नुसता उभा होता. हेल्मेटमुळे त्याचा चेहरा दिसला नाही, हे माझ्यावर उपकारच झाले. त्या दिवशी लागले एकशे चौदा सेकंद.

शेजारचा तंबू याच धुळ्याच्या गृहस्थांचा. त्यांची स्वतःची गाडी आणि पगारी चालवणारा. बुश मला त्यांच्याच खुर्चीखाली सापडला होता, आणि त्यांनी पाय उचलून तो मला घेऊ दिला होता. आता आमच्या अंगणात बसून ते म्हणाले, "तुमनं चाक बदलाई तवलग मना दोन चहा व्हई जातस, भाऊ." माणूस वाईट नाही. गाडी त्यांना मनापासून आवडली होती आणि किंमतही रास्त, साठ हजार, सांगितली होती.

भावाला विकायची नव्हती. विकावी असं भावजयीचं म्हणणं होतं आणि त्याचं कारण पैसे नव्हते. ती त्या दिवशी ट्रॅकवर होती. चहाचे कप खाली ठेवून ती सगळ्यांसमोर भावाला म्हणाली, "हरायचं तर धावून हरा. असं उभं राहून हरलेलं मला पुन्हा बघवणार नाही."

मग भावानेच तोडगा काढला. मार्चच्या शेवटच्या रविवारी शर्यत आहे. पहिल्या तिघांत आलो नाही, तर त्याच जागी गाडी तुमची. आलो, तर व्यवहार मोडला आणि आपल्या रिवाजाप्रमाणे इसार दुप्पट परत. धुळ्याचे गृहस्थ हसले आणि त्यांनी नोटा मोजल्या. भावजयीने त्या घेऊन डाळीच्या डब्यामागच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. त्या तशाच राहतील, असंही तिने तेव्हाच सांगितलं.

मी धरणगावला एका जिनिंगच्या वजनकाट्यावर कामाला आहे. कापसाची गाडी भरलेली येते, रिकामी जाते, मधला फरक मी लिहितो. चोवीस वर्षं हेच काम. शर्यतीतलं मला फारसं कळत नाही, पण एकशे चौदा हा आकडा एकसंध आहे यावर माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी अंगणात स्टँडवर घेतली, भावजयीच्या हातात मोबाइलचं घड्याळ दिलं आणि आदल्या वर्षी जसं केलं होतं तसंच चाक बदललं. कुठे किती सेकंद गेले ते ती सांगत गेली. गाडी स्टँडवर उचलायला नऊ. नट सोडायला सोळा. एक्सल ओढून काढायला चौदा. सगळ्यात मोठा आकडा नवं चाक दोन्ही बुशांसकट बसवायचा, सत्तावीस. चाक आणायला जाण्यायेण्यात पंधरा गेले. आम्ही काही मंद नव्हतो. वेळ काही जागी साठून राहत होता, तुंबलेल्या नाल्यासारखा.

मिस्त्रींचं लेथचं दुकान शिवाजीनगरकडे आहे. त्यांचे वडीलही त्याच लेथवर काम करायचे. मिस्त्रींनी आकडे वाचले, खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचले आणि दोन्ही बुश तळहातावर घेतले.

"भाऊ, हे दोघं आपले दुश्मन. चाकासोबत आले पाहिजेत, चाकासोबत गेले पाहिजेत. यांना मोकळं सोडलं की हे फिरायला जातात."

त्यांनी नवे बुश कापले. त्यांना मागे एक कड ठेवली आणि ते चाकाच्या तोंडातच दाबून बसवले. चाक आडवं करून हलवलं तरी पडत नव्हते. दोन्ही चाकांना तसंच केलं. मग एक्सलचं टोक शिसपेन्सिलीसारखं निमुळतं केलं, म्हणजे भोक थोडं पुढेमागे असलं तरी ते स्वतः वाट शोधत जाईल. दुसऱ्या टोकाला आडवी मूठ जोडली. हातोडीने ठोकून काढायचं ते आता धरून ओढता येऊ लागलं. ब्रेकच्या पॅडांच्या कडा घासून उतरत्या केल्या, म्हणजे चाकाची डिस्क त्यांच्या मध्ये अडखळत नाही. चेन काढून अडकवायला एक आकडा लावला, नाहीतर ती खाली लोंबते आणि माणूस तेलकट हातांनी ती शोधत बसतो. आणि बाभळीच्या लाकडाची अर्धा मीटर लांबीची फळी तयार केली. उचललेल्या गाडीखाली ती सरकवायची आणि चाक तिच्यावरून ढकलायचं. चाक हातांनी उचलून धरावं लागत नाही, एक्सलचं भोक बरोबर त्याच उंचीवर येतं. ही फळी त्यांनी चार वेळा रंधून आणली.

प्रत्येक वेळी मी विचारायचो, किती झाले? ते म्हणायचे, चालल्यावर बघू.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत एकशे चौदाचे एकाहत्तर झाले. मग काटा तिथेच थांबला. आठ संध्याकाळी आम्ही एकाहत्तर, सत्तर, बहात्तर असेच फिरत राहिलो. शेजारी कंटाळून निघून गेला. त्याच्या गुडघ्यांना ते झेपत नव्हतं आणि मी त्याला दोष देत नाही. आता माणसं दोनच उरली.

त्या आठवड्यात माझा मेहुणा, बायकोचा मामेभाऊ, रावेरहून लग्नाची पत्रिका द्यायला आला. तो केळीच्या बागांत माल काढणाऱ्या टोळीत आहे. एक जण घड कापतो, दुसरा खांद्यावर घेतो, तिसरा ट्रकमध्ये लावतो. दिवसाला पाच-सहाशे घड आणि एकालाही काळा डाग पडता कामा नये, नाहीतर व्यापारी भाव पाडतो. ओट्यावर बसून चहा पीत तो आमची धावपळ बघत होता. तिसऱ्यांदा चाक बदलून झालं तेव्हा त्याने कप बाजूला ठेवला.

"दाजी, कायले पयता एवढे? चाक तं जागेवरच हाये."

मी जरा रागानेच म्हणालो की पळालो नाही तर वेळ कसा वाचणार. तो म्हणाला, आमच्याकडे जो पळतो त्याचा घड फुटतो. आणि मग अगदी सहज म्हणाला की तुम्ही दोघं मिळून सव्वीस पावलं चालला, त्यातली एकोणीस रिकाम्या हातांनी. त्याने मोजली होती. चोवीस वर्षं मोजायचं काम करणाऱ्या मला ते सुचलं नव्हतं.

त्याने आम्हाला बसवलं. खरोखर खाली बसवलं. मिस्त्री डावीकडे, पाना मांडीपाशी. तो स्वतः मागे उकिडवा, नवं चाक उजव्या हाताशी आधीच उभं, फळी पायाशी. मी उजवीकडे, स्टँड आणि चेन माझ्याकडे. कोणी उठायचं नाही. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाईल. आणि टोळीतला एक नियम त्याने लावला: घेणाऱ्याने "आलं" म्हटल्याशिवाय देणाऱ्याने सोडायचं नाही. बाकी कोणी बोलायचं नाही. याआधी आमच्याकडे उलट होतं. प्रत्येक जण "सोड, सोड" म्हणायचा आणि सोडलेलं कोणीच धरलेलं नसायचं.

पहिल्याच संध्याकाळी चोपन्न. पत्रिका वाटायची राहिली आणि तो दोन दिवस मुक्कामाला थांबला. नंतर दर शनिवारी एस.टी.ने येऊ लागला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही अडतीसवर होतो, एकदा छत्तीस. भाऊ हँडल धरून उभा असायचा आणि हसू दाबायचा. भावजय आकडा सांगायची, एवढंच, पण हळूहळू ती तो मोठ्याने सांगू लागली, एवढ्या मोठ्याने की समोरच्या घरातूनही लोक विचारत, आज किती?

शर्यतीच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. एरंडोल, पारोळा करत साडेसातला ट्रॅकवर होतो. जीपमध्ये मागे गाडी, दोन चाकं, फळी, आणि जुन्या साडीत गुंडाळलेलं स्टँड. शर्यत अकराला होती. आठ वाजता आम्ही तंबूसमोर एकदा सराव केला.

एकसष्ट.

हात आखडले असतील म्हणून पुन्हा केला. अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा त्रेसष्ट. सगळे आपापल्या जागी बसलेले, "आलं" वेळेवर, नट वेळेवर. पण चाक फळीवर गेलं की आपोआप आत जाऊन टेकायचं ते टेकत नव्हतं. मध्येच थांबायचं, हात काढला की किंचित मागे यायचं, आणि एक्सलचं टोक भोकाच्या कडेवर आपटायचं. मेहुण्याला ते खांद्याने दाबून धरावं लागत होतं आणि तेवढ्यात वीस-बावीस सेकंद जात होते. मिस्त्रींनी एक्सल उन्हात धरून डोळ्यासमोर फिरवला. वाकलेला नव्हता. शेजारच्या तंबूत धुळ्याचे गृहस्थ थर्मास उघडत होते. भावाने हातमोजे काढून टाकीवर ठेवले आणि तो लांब जाऊन ट्रॅककडे तोंड करून उभा राहिला. भावजयीने मला विचारलं, "दादा, कालपर्यंत छत्तीस होते ना?" मी वही उघडून तिला दाखवली. दुसरं काय करणार?

मेहुणा हातावर पाणी घेत होता. मी बाटली धरली होती. पाणी त्याच्या पायाशी पडलं आणि तिथेच थांबलं. मी त्या पाण्याकडे बघत राहिलो. आमच्या अंगणात पाणी सांडलं की ते थांबत नाही, लगेच मोरीकडे जातं. जायलाच हवं. सहा वर्षांपूर्वी फरशी घातली तेव्हा गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून मीच मीटरला पंधरा मिलिमीटर उतार काढून घेतला होता आणि दोरी लावून दोनदा तपासला होता. अडीच महिने गाडीचं तोंड मोरीकडे होतं. चाक आम्ही बसवत नव्हतो. माझा उतार बसवत होता. इथे जमीन सपाट होती.

मी मिस्त्रींना सांगितलं. ते इतके हसले की भाऊ वळून परत आला.

"म्हणजे भाऊ, मी फळी चार वेळा रंधली ती तुमच्या मोरीसाठी."

हिशेब सोपा होता. मीटरला पंधरा, तर अर्ध्या मीटरच्या फळीला साडेसात. फळीची मागची बाजू साडेसात मिलिमीटर उचलायची. लाकूड नव्हतं, पुठ्ठा दबतो, दगड हलतो. मिस्त्रींनी पँटच्या खिशात हात घातला. ते लोखंड फेकत नाहीत. भंगारही आठवडाभर जवळ ठेवतात, असं मी त्यांना नेहमी चिडवायचो. खिशातून किल्ल्यांबरोबर ते दोन जुने बुश निघाले. मी पट्टी लावली. दोन्ही आठ मिलिमीटर.

"अर्धा जास्त आहे," मी म्हणालो.

"अर्धा माझ्याकडून," मिस्त्री म्हणाले.

फळीखाली मागच्या दोन कोपऱ्यांना बुश आडवे ठेवून टेपने घट्ट बांधले. सराव केला. चाक फळीवरून गेलं, टेकलं, एक्सल आरपार. सदतीस. पुन्हा छत्तीस. तिसरा सराव मेहुण्याने करू दिला नाही. म्हणाला, घड हाताळून हाताळूनच काळा पडतो.

शर्यतीचं मी थोडक्यात सांगतो, कारण मला त्यातलं दिसलंच थोडं. ऊन चाळिशीला टेकलं होतं. पंचेचाळीस फेऱ्या. बाविसाव्या फेरीला भाऊ आत आला तेव्हा तो दुसरा होता. पुढे फक्त धुळ्याच्या गृहस्थांची गाडी, सहा सेकंदांनी, आणि तीही त्याच फेरीला आत आली होती. दोन तंबू शेजारी शेजारी. त्यांच्याकडे ओरडाआरडा सुरू झाला. आमच्याकडे फक्त तीन वेळा "आलं" ऐकू आलं. मी स्टँड दाबलं, चेन आकड्यावर घातली, जुनं चाक मागे गेलं, नवं आलं, चेन परत चढवली, आणि मिस्त्रींचा पाना फिरताना मी वर बघितलं तर भाऊ खाली आमच्या हातांकडे बघत होता. मी स्टँड सोडलं. तो गेला. स्टँडच्या कडेला माझ्या अंगठ्याचं नख निघालं होतं, ते नंतर कळलं.

भावजय घड्याळ घेऊन मागे उभी होती. "पस्तीस," ती म्हणाली. मग दुसऱ्यांदा, तंबूच्या पलीकडे ऐकू जाईल असं, "पस्तीस!"

शेजारच्या तंबूत बावन्न लागले. हा आकडा त्यांनी स्वतःच नंतर दिला. म्हणजे सहाने मागे असलेला भाऊ अकराने पुढे निघाला. पुढच्या तेवीस फेऱ्या ते अंतर कमी होत गेलं. अकरा, नऊ, नऊ, सात. त्यांचा चालवणारा तेवीस वर्षांचा, आमचा अडतीस. शेवटच्या फेरीला चारच सेकंद उरले होते आणि भावजयीने घड्याळ माझ्या हातात देऊन तोंड फिरवलं होतं. भाऊ अडीच सेकंदांनी पहिला आला.

हेल्मेट काढल्यावर त्याचा चेहरा लाल झाला होता. मिस्त्रींनी त्याला मिठी मारली, मेहुण्याने त्याला घडासारखं खांद्यावर घेऊन तंबूभोवती एक चक्कर मारली आणि अलगद खाली ठेवलं. मी वही काढून त्याला अंतरं दाखवली. ट्रॅकवर त्याने साडेआठ सेकंद गमावले होते आणि चाकाने सतरा कमावले होते. त्याने आकडे नीट वाचले.

"म्हणजे दादा, मी हरलो आणि तुम्ही जिंकलात."

"धावून हरलात ना," भावजय म्हणाली. "चालेल."

धुळ्याचे गृहस्थ स्वतः चालत आमच्या तंबूत आले. हातात कप होता, भरलेला, वर साय धरलेली. "मना चहा तठेच ऱ्हायी गया, भाऊ," ते म्हणाले. त्यांनी फळी उचलून उलटी केली, टेपखालचे बुश बोटाने चाचपले आणि ओळखले. ज्याच्यासाठी त्यांनी वर्षापूर्वी पाय उचलले होते तोच बुश.

पहिलं बक्षीस पंधरा हजार रुपये रोख होतं. मिस्त्रींनी तिथे, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, पहिल्यांदा आपलं बिल लिहिलं: लोखंड, बाभळीचं लाकूड आणि मजुरी धरून दोन हजार तीनशे पन्नास. फळी शेवटची दोन वेळा रंधल्याचे पैसे मी मोरीच्या नावावर लावायला सांगितले, ते त्यांनी लावले नाहीत. मेहुण्याने काही घेतलं नाही. त्याच्या चार शनिवारांची एस.टी.ची तिकिटं मी जपून ठेवली होती, तेवढे चारशे ऐंशी रुपये मात्र बळेच त्याच्या खिशात घातले. जुन्या चाकाचा टायर एका बाजूने पूर्ण उतरला होता, बाकीचे पैसे नव्या टायरला ठेवले.

इसाराच्या पाच हजारांना भावजयीने हात लावला नव्हता. पत्र्याचा डबाच ती पिंप्राळ्याहून पिशवीत घालून घेऊन आली होती. त्यातल्या त्याच दहा नोटा आणि बक्षिसातले पाच हजार, असे दहा हजार रुपये तिने स्वतः मोजून धुळ्याच्या गृहस्थांच्या हातात दिले. ते म्हणाले, "आलं," आणि मगच तिने सोडले.